पारख

जुनी वस्तू विकत घेताना आपण केवळ वस्तू घेत नाही. तिच्याबरोबर कुणाची तरी मेहनत, सवयी आणि कधीकधी हयगयही घरी आणतो. माझे वडील बैलबाजारात आधी बैलाचे दात पाहत, पण तेवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. ते खांदा चाचपीत, खूर निरखीत, जनावर चार पावले चालवून घेत आणि शेवटी विकणाऱ्याशी निवांत बोलत बसत. पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी गुणवत्ता तपासणीच्या कामाला लागलो, तेव्हा माझ्या हाती व्हर्नियर आणि गेज आले. पण पारखण्याची रीत मात्र वडिलांचीच राहिली.

म्हणूनच अमेरिकेतील पुतण्याने फोनवर, “काका, एक जुने विमान घ्यावे म्हणतो,” असे सांगितले, तेव्हा मी चकित झालो तरी गप्प बसलो नाही. ते दोन आसनी विमान एका हौशी गृहस्थाने सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडले होते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान उभारले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली, हे अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेत अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीच केलेले असावे लागते आणि आत शिरण्याच्या जागी ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. जोडणाऱ्याला वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळू शकतो. मात्र विमान विकले तरी तो परवाना नव्या मालकाकडे जात नाही. वस्तू विकता येते, ती घडवताना आलेली जाण विकता येत नाही, हे त्या कायद्याने ओळखले आहे.

हे विमान घडवणारे गृहस्थ आता हयात नव्हते. त्यांच्या पत्नी ते विकत होत्या. किंमत कमी होती, रंग नवाकोरा होता आणि पुतण्याचे मन बसले होते. मी म्हणालो, “रंग शेवटी पाहा. आधी वह्या वाच.” उड्डाणांच्या नोंदवहीत शेवटची चार वर्षे जवळजवळ कोरी होती. कमी उडालेले विमान कमी झिजलेले, असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात उलटेही घडते. त्या जातीच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान उभे राहिले की तेल खाली उतरते आणि उघड्या पोलादावर गंज धरतो. बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही.

मी त्याला आणखी काही गोष्टी सांगितल्या. रिव्हेटांच्या रांगा तिरप्या उजेडात पाहा. पंखाखाली निळसर डाग असतील तर टाकीतून इंधन झिरपते आहे, कारण त्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. रंग चढवल्यानंतर विमानाचे वजन पुन्हा केले होते का, ते विचार. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, ते बघ. आणि तपासणारा माणूस विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

त्या बाईंनी एक सिलिंडर काढून पाहण्यास संमती दिली. कॅमवर गंजाचे खड्डे पडले होते. पुतण्याने व्यवहार सोडला. तपासणीचे पैसे त्यानेच भरले होते, म्हणून अहवाल आपल्याजवळ ठेवावा की काय, असे त्याने मला विचारले. मी एवढेच म्हणालो, “तुझ्यानंतर जो येईल, त्यालाही घरी कुणीतरी वाट पाहणारे असेलच ना?”

त्याने अहवाल त्या बाईंना पाठवला. आपल्या पतीच्या कामावर त्यांचा गाढ विश्वास होता आणि तो चुकीचाही नव्हता; जोडणीत खोट निघालीच नव्हती. दोष होता तो न वापरलेल्या वर्षांचा. त्यांनी इंजिन दुरुस्तीला दिल्याचे पुढे कळले. पारख म्हणजे दुसऱ्याचे उणे शोधणे नव्हे. ज्याच्यावर जीव सोपवायचा, त्याची खरी स्थिती घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही कळणे, ही तिची खरी सार्थकता आहे.