टाळेबंदी

आमच्या वस्तीत टाळेबंदी दर साल होते. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा निळा झेंडा लावायचा, वंदना घ्यायची, आणि चार-आठ दिवसांत मुकादमाचा ट्रक दारात. आष्टी तालुक्यातलं कोरडवाहू गाव आमचं. चाळीस घरांची वस्ती. त्यातल्या तीसेक घरांना कुलूप लागतं. मागं राहतात म्हातारी माणसं, त्यांच्या पदरात टाकलेली शाळेतली पोरं, आणि कुत्री. भांडी, पीठ, कोंबड्या, तान्ही लेकरं सगळं ट्रकात. बाकी माणसं सहा महिने सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर थेट कर्नाटकात.

टाळेबंदी हा शब्द मी पहिल्यांदा चुलत आज्याच्या तोंडून ऐकला. आजा मुंबईला गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यात तो होता. पुढं गिरणीनं त्याला आत घेतलं नाही. गावाला आला आणि पन्नाशीच्या आत कोयता हातात धरला. कोपीपुढं शेकत बसला की म्हणायचा, "मालकानं गेटाला कुलूप लावलं तर कामगार गेटापुढं बसतो. लोकाला दिसतं, पेपरात येतं. तुमचं गेट कुठंय रे?"

मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

आम्हाला गेट नाही, हजेरीपट नाही, नंबर नाही. करार मात्र आहे. दर तीन-पाच वर्षांनी साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात. टनाला तोडणीचा दर ठरतो, मुकादमाचं कमिशन ठरतं. हा करार कुणी खुशीनं दिलेला नाही. शेजारच्या पाथर्डीचे बबनराव ढाकणे, परळीचे गोपीनाथ मुंडे, लाल बावट्याचे कार्यकर्ते, आणि नाव नसलेली हजारो माणसं, यांनी कोयता बंद ठेवून तो ओढून आणला. ते नाकारणारा मी कोण?

पण माझ्या बापाचा खरा करार दुसराच. तो पुण्या-मुंबईत होत नाही. आषाढात मुकादमाच्या ओसरीवर होतो. बी-बियाणं, दवाखाना, बहिणीचं लग्न, काही ना काही असतंच. 2020 साली बापानं 80 हजार उचल घेतली. कोऱ्या स्टँपवर अंगठा दिला. बाप सही करतो, पण मुकादम म्हणाला अंगठाच दे. कारखाना मुकादमाशी, वाहतूकदाराशी लिहून घेतो. मुकादम आमच्याशी. म्हणजे ऊस कारखान्याचा, पण आम्ही कारखान्याच्या दप्तरात कुठंच नाही. फडात साप चावला तर आम्ही कुणाचे? मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर तुमच्यासारखाच गडी.

ते 2020 साल तुम्हाला आठवतंय. मार्चात देशाला टाळेबंदी लागली. शहरं बंद झाली, पण गाळप चालू राहिलं. आम्ही फडातच. चौदा एप्रिलला आमची माणसं कशीही करून गावाला येतात. त्या वर्षी जयंती कोपीत झाली. उसाचं एक टिपरू उभं केलं, त्याला आईच्या निळ्या लुगड्याचा तुकडा बांधला, पोरांनी हात जोडले. तीन दिवसांनी, 17 एप्रिलला सरकारनं घरी जायची परवानगी दिली. लाखाच्या वर माणसं अडकली होती. गावाला आलो तर शिवेवरच थांबवलं. चौदा दिवस रानात राहा म्हणाले. आई म्हणाली, "ऱ्हातो की. शिवंच्या भाईर ऱ्हायाची आपल्याला काय नवी सवय हाय का?"

मग दसऱ्याच्या तोंडावर कोयता बंदची हाक आली. आष्टी, पाटोदा, शिरूर, सगळीकडं बैठका. मी तेव्हा आष्टीला कॉलेजात. जिवात आग होती. पत्रकं वाटली, भिंती रंगवल्या. दर दुप्पट करा, निदान दीडपट तरी करा, अशा मागण्या. रात्री रस्त्यावर उभं राहून मजुरांच्या गाड्या अडवायचो. करार झाल्याशिवाय एक कोयता जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं होतं.

एका रात्री एक ट्रक अडवला. ताडपत्री वर केली, बॅटरी मारली. समोर माझी आई बसलेली. मांडीवर बहिणीचं पोरगं. बापानं तोंड फिरवलं.

"आई, उतर. संप हाय."

"उतरते. उचल तू फेडतूस?"

"करार झाला तर दर वाढंल."

"व्हय. आन मुकादम उद्या घरी आला, दारातली शेळी सोडून नेली, मंग? तुझी संघटना शेळी आणून देती का?"

मागं पोरं घोषणा देत होती. मी पत्रक हातात धरून उभा. मला वाटलं, आईच फितूर झाली. खरं सांगतो, तसंच वाटलं. ट्रक परत फिरवला आम्ही. आई पाच दिवस माझ्याशी बोलली नाही.

27 ऑक्टोबरला पुण्याजवळ मांजरीला बैठक झाली. 14 टक्के वाढ. टनाला तेहेतीस-चौतीस रुपये. दर 273 च्या घरात गेला. दुसऱ्या दिवशी ट्रक निघाले. कुणी गुलाल उधळला, कुणी शिव्या दिल्या.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. पहाटे चारला उठायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. रात्री-बेरात्री गाडी आली तर तेव्हा भरायच्या. दोन टनाचे झाले 546. माणशी 273. त्याच वर्षी रोजगार हमीचा दिवसाचा दर 238 होता. म्हणजे बारा-चौदा तास मरून रोहयोपेक्षा पस्तीस रुपये जास्त. त्यातून उचल वळती, खाडा पडला तर दंड वळता.

हिशेब आईला दाखवला. तिनं नीट ऐकून घेतला. मग विचारलं, "माणशी म्हन्तूस. मपले कुठंयत?"

मला उत्तर आलं नाही. कारण कोयता बापाच्या नावावर. उचल बापाच्या हातात. मी एवढी पत्रकं वाटली, त्यात 'ऊसतोड कामगार बंधूंनो' असं छापलं होतं. बंधूंनो! अर्धा ऊस जिनं तोडला तिचं नाव साखर संघाच्या कागदावर नाही, मुकादमाच्या स्टँपवर नाही, आणि आमच्या पत्रकावरही नाही.

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या 13,861 बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जावं तर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मग पिशवी काढायची, त्यासाठी पुन्हा उचल, ती फेडायला पुन्हा फड. हे कुठल्या टक्केवारीत बसवायचं?

मित्रांनो, बाबासाहेबांनी 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांना दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिला पाठ केला, दुसरा जयंतीच्या भाषणापुरता ठेवला. गिरणीतल्या साचाखात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडात धरावा लागायचा. 1928-29 च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढं रोखठोक ठेवला. मजूर सगळे एक म्हणता, मग हे दार बंद का? आणि त्याच बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1938 ला संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संप केला. युनियनला प्रश्नही विचारला आणि संपही केला. आपण यातलं एकच करतो. एकतर युनियन सवर्णांची म्हणून लांब राहतो, नाहीतर आत गेल्यावर तोंड बंद ठेवतो.

पुढचा करार जानेवारी 2024 मधे झाला. तीन वर्षांचा. त्या वेळी संघटना विचारत होत्या, हार्वेस्टर यंत्राला टनाला चारशेच्या वर देता, मग माणसाला कमी का? बरोबर प्रश्न होता. वाढ मिळाली 34 टक्के. 273 चे 366 झाले. लढल्याशिवाय तेही मिळालं नसतं. मुकादमाचं कमिशनही एका टक्क्यानं वाढलं.

त्या करारा-आधी आईनं मला एक कागद लिहायला लावला. 2020 च्याच उरलेल्या पत्रकाच्या पाठीमागं. ती बोलली, मी लिहिलं. बाईचा पैसा बाईच्या हातात. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या खाड्याला दंड नाही. कोपीजवळ संडास आन पाणी. फडात मेलं तर कारखान्यानं यावं, मुकादमाला धाडू नये. चारच गोष्टी. खाली तिनं सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, वाकडीतिकडी, पण अंगठा नाही.

मी तो कागद एका पुढाऱ्याला नेऊन दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, म्हणाले, "चांगलंय. पण आधी दराचं होऊ द्या." घडी मला परत मिळाली.

तो कागद माझ्याकडं आहे. घड्यांवर फाटायला लागलाय. यंदा आम्ही वस्तीतल्या अकरा बाया त्यावर सह्या करायला बसवल्या. बापानंही केली, सगळ्यात शेवटी. पुढच्या करारावेळी गाड्या अडवायला मी जाणार आहे, पण या वेळी ट्रक अडवायच्या आधी ट्रकातल्या बायांना कागद वाचून दाखवायचा, असं ठरलंय. आणि उचल अंगावर असलेल्या घरांना पंधरा दिवसांचं धान्य पुरेल एवढी वर्गणी आधी गोळा करायची. आईच्या शेळीचा प्रश्न सुटल्याशिवाय आईला संपाचं सांगायचा मला हक्क नाही.

तुमच्या तालुक्यात असं कुणी करत असेल तर कळवा. जय भीम.