चार वाजताचा वारा

मावळातल्या उन्हाळ्याचा जोर दुपारी तीनपर्यंत. एप्रिलात कामशेत-वडगावकडचं ऊन पुण्याइतकंच करपवतं. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर, पण बाराच्या उन्हाला त्याचं फारसं कौतुक नसतं. मग चारच्या सुमारास कोकणातून वारा घाट चढून येतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते, तिच्या जागी समुद्राकडची हवा धावते. जुनी माणसं एवढं सांगत बसत नाहीत. "वारं सुटलं, दारं उघडा गं," म्हणतात, झालं.

जुनं घर याच वेळापत्रकावर चालायचं. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर कौलं, मध्ये माळा, पुढे पडवी. उन्हाचा पहिला तडाखा कौलांनी खायचा, उरलेला माळ्यावर अडायचा, आणि गरम हवा कौलांच्या फटींतून आपोआप पसार व्हायची. पडवीमुळे भिंतीला ऊन लागतच नसे. सकाळी दहाला खिडक्या लावून माजघरात अंधार करायचा, चारला सगळं सताड उघडायचं. सारवलेल्या जमिनीतला ओलावा उडताना उष्णता सोबत नेई. माठातलं पाणी गार होतं तेही असंच.

पण या घरांवर उगीच भाळून लिहू नये. ती काळोखी होती, चुलीच्या धुरानं कोंदलेली. मृगाआधी शाकारणी चुकली की गळायची, आणि सारवून सारवून बायकांची कंबर जायची. पैसा हातात येताच लोकांनी स्लॅब टाकला, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. फक्त स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री, आपण निजल्यावर, ते खोलीत सोडत राहतो.

यावर लोणावळ्यातला तोडगा पावसानं शोधला. गळती थांबावी म्हणून लोक स्लॅबवर पत्र्याची शेड उभारतात. पण तीच शेड मे महिन्यात छत्री होते. पत्रा तापतो, मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळतो आणि स्लॅब सावलीत राहतो. शेड परवडत नसेल तर मार्चमध्ये गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा चुना बरंचसं ऊन परतवतो. वॉटरप्रूफिंगचा काळा थर मात्र ते सगळं पिऊन घेतो.

सावली आणि जाड भिंत किती काम करते ते कार्ल्याच्या लेण्यात दिसतं. तिथलं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या अगदी समोर. तरी आत गारवा, कारण पुढे ओसरी आहे आणि तिच्याही पुढे कातळाचीच भिंत. ऊन थेट आत येत नाही, उजेड कमानीच्या गवाक्षातून येतो. भोवती डोंगराएवढा बेसॉल्ट, तो एका उन्हाळ्यात तापणार किती? छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. शेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला आलेल्यांनी आत घटकाभर टेकून पाहावं.

आणि इकडे लोणावळ्यात बंगले. वलवण, तुंगार्लीत दरीचं दृश्य हवं म्हणून पश्चिमेची अख्खी भिंत काचेची करतात. मग आतली भट्टी विझवायला दीड टनाचा एसी, साधारण दीड हजार वॅटचा. त्याऐवजी नव्या धाटणीचा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॅटवर फिरतो. गंमत अशी की लोणावळ्याच्या धरणांचं पाणी १९१५ पासून नळांतून पाचशे मीटरहून खाली खोपोलीला जाऊन मुंबईसाठी वीज करतं. आता तीच मुंबई शनिवारी वर येते आणि थंड हवेच्या ठिकाणी अठरावर एसी लावून दुलई मागते. जानेवारी २०२० पासून नवे एसी चोवीस अंशांवर सुरू व्हावेत असा सरकारी नियम आहे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब. पण रिमोट शेवटी पाहुण्याच्या हातात.

खरा अडसर मला वेगळाच वाटतो: डास. संध्याकाळच्या वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर ते आत येतात, म्हणून खिडक्या लागतात आणि मग एसी. खोल्या भाड्यानं देणाऱ्या मालकांना एसीवर पैसे घालणं सुचतं, खिडकीच्या जाळीवर नाही. मी तर मुक्कामाला नॉन-एसी खोलीच घेतो, स्वस्तही पडते. फोनवर दोनच गोष्टी विचारतो: खिडकीला जाळी आहे का, आणि समोरासमोर दुसरी खिडकी आहे का. पलीकडचा माणूस बहुधा म्हणतो, "साहेब, एसी रूम घ्या ना, टीव्हीपण आहे."