बिनदंडाच्या पाट्या

सिंगापूरला लेकीकडे गेलो, तेव्हा आम्हा दोघांना एक नवाच छंद लागला. पाट्या वाचण्याचा! तिथल्या दुकानांतले भाव परवडेनात. पाट्या मात्र फुकट होत्या.

मेट्रोत पहिल्याच दिवशी लाल वर्तुळांची रांग दिसली. सिगारेट ओढल्यास १००० डॉलर दंड, खाल्ले-प्यायल्यास ५००, ज्वालाग्राही वस्तू आणल्यास ५०००. हिशेब केला, तर पाण्याच्या एका घोटाची किंमत तीस हजार रुपयांच्या वर! आम्ही बाटली गुपचूप पिशवीत ढकलली. शेवटच्या वर्तुळात मात्र एक काटेरी फळ होते, दिसायला थेट आपल्या कोकणातल्या फणसासारखे. हे डुरियन. त्याचा वास इतका उग्र की गाडीत न्यायला बंदी; पण खाली दंडाचा आकडाच नाही! आम्ही पोटभर हसलो. मग आठवले, कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण तरी दुसरे काय सांगते? शेजारच्याला त्रास नको.

एका बांधकामापाशी धोक्याची पाटी होती, चार भाषांत. त्यातला मलय शब्द 'बहाया'. लेक म्हणाली, "अब्बा, हा आपला 'भय'च." तमिळ शब्द एका वाटसरूने वाचून दाखवला, 'अबायम'. म्हणजे आपला 'अपाय'! परक्या मुलखात ओळखीचे भेटले ते भय आणि अपाय.

आमचे हसू थांबले ते हॉकर सेंटरमध्ये. तिथे एका छपराखाली खाण्याचे अनेक ठेले असतात आणि जेवण झाल्यावर ट्रे आपणच परत ठेवायचा असतो. सुलतान मशिदीत मगरिबची जमात गाठायची घाई होती. समोर दिसलेल्या मांडणीत आम्ही ट्रे सरकवला. तेवढ्यात सफाई करणारे एक वृद्ध चिनी चाचा लगबगीने आले. ते बोलले काहीच नाहीत. आमचा ट्रे बाहेर काढला, शेजारच्या मांडणीत ठेवला आणि वर बोट दाखवले. वर दोन पाट्या होत्या: एक हलाल भांड्यांची, दुसरी बाकीच्या भांड्यांची. दिवसभर पाट्या वाचत हिंडलेल्या आम्ही नेमकी हीच वाचली नव्हती. त्या भांड्यात पुढे जेवणारा कुणी मुसलमान भाऊ आमच्या ध्यानात नव्हता; त्या चाचांच्या होता. आम्ही शरमून शुक्रिया म्हटले. ते हसून दुसरे टेबल पुसायला गेले.

घरी परतलो. आमच्या इमारतीच्या जिन्यात 'येथे थुंकू नये' अशी पाटी आहे, वर्षानुवर्षे पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली. पाहुण्यांना आम्हीही ती हसत दाखवायचो. गेल्या रविवारी बादली आणि फडके घेऊन दोघांनी ती घासून काढली. परवा तिच्यावर पुन्हा एक लाल डाग दिसला. बादली दाराशीच ठेवली आहे.