निस्तार कोणाला विचारून?

बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. बैहरकडच्या डोंगराळ पट्ट्यात बैगा आणि गोंडांची वस्ती, मलाजखंडची तांब्याची खाण, एका अंगाला कान्हाचं व्याघ्र अभयारण्य. खाली वैनगंगेच्या काठाने वारासिवनी-लांजीकडे धानाची बांधी. एवढ्या दाटीत एखादा तुकडा खाणीला, रोपवनाला किंवा सरकारी इमारतीला दिला, की कोणाची तरी चराई, सरपणाची वाट नाहीतर खळं जातंच. म्हणून गावाला विचारायचं की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. कधी विचारायचं, हा खरा प्रश्न आहे. जागा ठरल्यावर बोलावलेल्या सभेत गावाच्या हाती फक्त सही किंवा विरोध उरतो.

पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) किंवा वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी गावाला अगोदर विचारण्याची सोय इथल्या कायद्यात झाली होती. १९५१ साली मालगुजारी संपली आणि गावाच्या सामाईक जमिनी सरकारकडे आल्या. मग १९५९च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत कलम २३४खाली प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक, म्हणजे सामाईक जमिनीच्या वापराची नोंद, करायचं ठरलं. गुरं कुठे चरतील, जळाऊ लाकूड, मुरूम, माती कुठून आणि कोणत्या अटीवर घ्यायची, हे सारं त्यात यायचं. मसुदा गावात प्रसिद्ध करून रहिवाशांची इच्छा जाणून घ्यावी आणि मगच तो पक्का करावा, असं कायदाच सांगतो. पुढे गावाने मागणी केली तर उपविभागीय अधिकारी चौकशी करून नोंद बदलू शकतो. कलम २३७मध्ये चराई, सरपण, गावठाण, स्मशान, खळं, बाजार यांसाठी जमीन राखण्याची तरतूद आहे. पण त्याच कलमाने जिल्हाधिकाऱ्याला एक वाटही मोकळी ठेवली आहे: गावाच्या शेतजमिनीच्या किमान दोन टक्के चरणोई (चराईची जमीन) राखली, की बाकीची दुसऱ्या कामाकडे वळवता येते. दोन टक्क्यांत गावाची गुरं जगतात का, हे ज्याची गुरं आहेत त्यालाच विचारायला हवं.

ग्रामसभेत मोठ्या शेतकऱ्यांचाच आवाज चालतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. चरणोई गेली तर बांधावर गवत असलेल्याचं फारसं बिघडत नाही. मार बसतो तो दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला, आणि सभेत बहुधा तीच नसते. पण म्हणून निर्णय कचेरीत नेला तर ती तिथेही नसतेच. उपाय सभेत तिची जागा पक्की करण्यात आणि सभा लहान करण्यात आहे. वनहक्काच्या २०१२च्या सुधारित नियमांत निम्मी उपस्थिती आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया ही अट आहे. पेसात टोल्याची (पाड्याची) वेगळी ग्रामसभा करता येते.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. कान्हा-पेंचमधली वाघांची वाट एका गावाच्या मतावर सोडायची का? नाही सोडायची. जंगलाचा सलग पट्टा गावाच्या शिवेवर थांबत नाही आणि तो आखायला अभ्यासकच हवेत. पण वणवा कोण विझवणार, कोणता बोडी-नाला राखायचा, गुरं कोणत्या महिन्यात आत सोडायची नाहीत, हे गावाशिवाय निभत नाही. मध्य प्रदेशात १९९१पासून संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या झाल्या, पण सचिवपद वनखात्याच्या कर्मचाऱ्याकडे राहिलं. गावाच्या वाट्याला राखण आली, अधिकार आला नाही. याउलट गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, आणि बांबूची विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली.

मध्य प्रदेशचे पेसा नियम १५ नोव्हेंबर २०२२ला लागू झाले. पटवारी आणि बीटगार्डने दरवर्षी गावाचा नकाशा, खसरा (जमिनीच्या तुकड्यांची नोंद) आणि बी-१ची (खातेवार नोंदीची) नक्कल ग्रामसभेपुढे ठेवावी, ही त्यातली तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कोणता खसरा चरणोईतून निघाला हे त्याच वर्षी कळतं. मात्र बालाघाटात अनुसूचित क्षेत्र आहे ते बैहरकडचंच. लांजी, कटंगी, वारासिवनीच्या गावांना हे नियम लागत नाहीत. पण कलम २३४ त्यांनाही लागतं. तिथल्या ग्रामसभांनी निस्तार पत्रकाची नक्कल मागावी, टोल्याटोल्यात वाचून घ्यावी आणि चुकलेल्या नोंदी बदलायची लेखी मागणी उपविभागीय अधिकाऱ्याकडे करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचं कारण नाही.