न आलेल्या गायकांना वन्समोअर

लंडनच्या पूर्व भागात स्ट्रॅटफर्डहून एक स्टेशन पुढे गेलं की पुडिंग मिल लेन लागतं. तिकडे जाणाऱ्या डॉकलँड्स रेल्वेच्या गाडीला ड्रायव्हर नसतो. पुढच्या काचेशी उभं राहिलं की रूळ आपल्या पायांखालून सरकताना दिसतात. कोल्हापूरहून आलेल्या माणसाला एरवी एवढं नवल पुरलं असतं. पण २०२४च्या ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी बघायची होती ती डब्यातली माणसं. सत्तरीच्या आसपासच्या काही बायका, अंगात चंदेरी टिकल्यांचे झगे, पायांत गुडघ्यापर्यंतचे पांढरे बूट. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ, बेलबॉटम आणि चकाकत्या साटीनच्या शर्टात. त्यांच्याबरोबर शाळकरी नात, तिच्या गालांवर सोनेरी चमकी लावलेली. ही मंडळी एकमेकांच्या ओळखीची नव्हती, तरी गाडी स्टेशनात शिरेपर्यंत सगळा डबा एकच गाणं गुणगुणायला लागला होता.

“मामा, हे सगळे अ‍ॅबाला चाललेत,” भाची म्हणाली. “आपल्यासारखेच.”

अ‍ॅबा म्हणजे स्वीडनचे चौघे. अग्नेथा, बियॉर्न, बेनी आणि अ‍ॅनी-फ्रिड. चौघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून बँडचं नाव झालं. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्याच ब्रायटन गावी त्यांनी ‘वॉटरलू’ गाऊन युरोव्हिजनची स्पर्धा जिंकली आणि पुढची आठेक वर्षं जगभर गाजवली. चौघांत दोन जोडपी होती. अग्नेथा आणि बियॉर्नचा संसार १९८० मध्ये कायद्याने संपला, बेनी आणि अ‍ॅनी-फ्रिडचा त्याच्या पुढच्या वर्षी. १९८२च्या अखेरीस चौघांनी एकत्र गाणं थांबवलं. लोक मात्र वाट बघत राहिले. २००० साली पुन्हा एकत्र येऊन दौरा करा म्हणून त्यांच्यापुढे शंभर कोटी डॉलर ठेवले गेले, तेही त्यांनी नाकारले.

मी वाढलो मंगळवार पेठेत. पाटाकडील तालमीचा फुटबॉल, खासबागेतल्या कुस्त्या, शूटिंग दिसेल म्हणून जयप्रभा स्टुडिओच्या आसपास रेंगाळणं, हे आमचं जग. इंग्रजी गाण्याची तबकडी आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हती. तरीही अ‍ॅबाचा सूर आमच्यापर्यंत आला होता. १९७७ साली ‘हम किसीसे कम नहीं’ पडद्यावर आला, आणि त्यातल्या ‘मिल गया हमको साथी’ला राहुलदेव बर्मन यांनी चाल घेतली होती ती अ‍ॅबाच्या ‘मम्मा मिया’ची. गणपतीच्या मांडवातल्या लाउडस्पीकरवर आम्ही ती चाल ऐकत होतो. स्टॉकहोममधल्या चार माणसांचं आपल्या कानांवर उधार आहे याची त्या वेळी कल्पनाही नव्हती.

स्टेशनच्या समोरच अ‍ॅबा अरेना उभं आहे. षटकोनी, बाहेरून लाकडी पट्ट्यांचं. हे थिएटर याच एका कार्यक्रमासाठी बांधलं आणि पुढे सुटं करून दुसरीकडे नेता येईल अशी त्याची रचना केली. तीन हजार माणसं मावतात. अर्ध्याहून थोडी कमी जागा खुर्च्यांविना, नाचणाऱ्यांसाठी मोकळी. आम्ही त्या मोकळ्या जागेत उभे होतो. दिवे मालवण्याआधी सगळ्यांना विनंती झाली, फोटो आणि चित्रण करू नका. मग मी जे पाहिलं ते माझ्या मते त्या इमारतीतलं पहिलं आश्चर्य. हजारो माणसांच्या हातांतले मोबाइल खिशांत गेले आणि बाहेर आले नाहीत. हात रिकामे झाले म्हणून टाळ्यांना मिळाले.

दुसरं आश्चर्य असं की ज्यांच्यासाठी ही सगळी गर्दी लोटली होती ते चौघे तिथे येणारच नव्हते. अग्नेथा १९५० सालची, बेनी १९४६चा, बियॉर्न आणि अ‍ॅनी-फ्रिड १९४५चे. त्यांनी काय केलं, तर पाच आठवडे अंगाला चिकटून बसणारे, खुणांचे ठिपके लावलेले पोशाख चढवले आणि एकशे साठ कॅमेऱ्यांसमोर आपली गाणी गायली, हातवारे केले, एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेष टिपली गेली. शरीराच्या चपळ हालचाली तरुण कलाकारांकडून घेतल्या. ‘स्टार वॉर्स’च्या पडद्यामागचे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकचे कारागीर मग त्यावर राबले आणि त्यांनी १९७९च्या वयाचे चौघे उभे केले. साडेसहा कोटी ठिपक्यांच्या प्रचंड पडद्यावर ते दिसतात. आवाज त्यांचेच, जुन्या ध्वनिमुद्रणातले. साथीला मात्र रंगमंचावर दहा जणांचा खराखुरा वाद्यवृंद असतो, त्यात गायिकाही असतात. मधल्या एका गाण्यात तर चौघे बाजूला होतात आणि तो वाद्यवृंदच गातो. साथीदारांना असा मान मिळालेला पाहून मला मनापासून बरं वाटलं.

पडदा उजळला. पाठमोऱ्या चार आकृती वर आल्या, वळल्या. त्यांच्या कपड्यांच्या घड्या हलत होत्या, केसांच्या कडांना उजेड लागत होता. थिएटरातल्या दिव्यांचा प्रकाश पडद्यावरच्या माणसांच्या खांद्यांवर पडतोय असं दिसत होतं, आणि पडदा संपून माणूस कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळेना. माझ्या शेजारी डब्यातल्याच चंदेरी झग्यांपैकी एक आजी उभ्या होत्या. अग्नेथाने वळून बघितलं आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

मध्यंतर नसतं. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आजी माझ्याशी बोलल्या. १९७९च्या नोव्हेंबरात वेम्बली अरेनात अ‍ॅबाचे ओळीने सहा कार्यक्रम झाले, त्यांतल्या एकाला त्या गेल्या होत्या. तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं आणि जागा अगदी मागची मिळाली होती. आता नवरा नाही. त्या मैत्रिणींना घेऊन इथे पुन्हा पुन्हा येतात. ही माणसं खरी नाहीत, हे तुम्हाला जाणवत नाही का, असं मी विचारलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. वेम्बलीत लांबून चार ठिपके दिसत होते, तेव्हासुद्धा बाकीचं सगळं त्यांनी मनानेच भरून काढलं होतं.

हे ऐकलं आणि मला माझे आजोबा आठवले. आजोबांनी बालगंधर्वांना ऐन भरात पाहिलं होतं आणि उतारवयातही पाहिलं होतं. ते नेहमी ‘नारायणराव’च म्हणत, बालगंधर्व म्हणत नसत. लहानपणी नारायणरावांच्या कानाला त्रास होता आणि शाहू महाराजांनी उपचारासाठी त्यांना मिरजेला पाठवलं, ही गोष्ट ते घरच्या माणसाची सांगावी तशी सांगत. नारायणरावांचा जन्म १८८८चा. साठी ओलांडल्यावरही ते भामिनी, सिंधू अशा नायिका होऊन रंगमंचावर उभे राहिले, आणि पायांनी साथ सोडल्यावर बसून गायले. अंग सुटलेलं, चेहऱ्यावर वय उतरलेलं. आमच्या वडिलांना ते बघवलं नव्हतं. आजोबा मात्र शपथेवर सांगत की पहिला आलाप निघाला आणि समोर वीस वर्षांची भामिनी उभी राहिली. वडील आणि आजोबा यावरून वाद घालत आणि मला लहानपणी वडिलांचं पटे.

लंडनमध्ये उभं राहून मला आजोबांचं पटलं. वय पुसायचं जे काम तिथे एकशे साठ कॅमेऱ्यांनी आणि शेकडो कारागिरांनी केलं, ते आमच्या पिटातल्या माणसाने एकट्याने, काहीही यंत्र हाताशी नसताना केलं होतं. आणि त्या आजींकडे बघून वाटलं की इथेही काम अखेर प्रेक्षकच करतोय. कॅमेऱ्यांनी निम्मी वाट तयार केली आहे, एवढंच.

वन्समोअरची तहान आपल्याकडे किती जुनी आहे! केशवराव भोसले आमच्या कोल्हापूरचे. ललितकलादर्शचे धनी, आणि बालगंधर्वांचे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी. दोन कंपन्या, दोन पक्ष, रसिकांत वर्षानुवर्षांची भांडणं. हे दोघे एका नाटकात एकत्र दिसावेत ही महाराष्ट्राची इच्छा ८ जुलै १९२१ ला मुंबईत पुरी झाली. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ लागलं. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी, खाडिलकरांचं नाटक आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली. वरच्या दर्जाचं तिकीट शंभर रुपये होतं, त्या काळचे शंभर. दोन्ही पक्षांचे लोक एका छताखाली बसले आणि दोघांनाही वन्समोअर देत राहिले. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले. वय एकतीस.

म्हणून एखादा बँड चाळीस वर्षांनी एकत्र येतो तेव्हा लोक इतके भावूक का होतात, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. चौघेही जण जिवंत आहेत आणि एकत्र आले आहेत, याचंच त्या तीन हजार माणसांना अप्रूप होतं. २०२१च्या नोव्हेंबरात अ‍ॅबाने नवा अल्बम काढला, आधीचा १९८१चा होता. चाळीस वर्षांत ज्यांचं कुणी ना कुणी गेलं, त्यांना हे चौघे अजून आहेत याचा धीर वाटतो. पैशांसाठी करायचं नाकारलेलं काम या चौघांनी सत्तरीच्या आसपास अंगाला ते पोशाख चिकटवून आपल्या मनाने केलं. मला त्यांचा हा निर्णय फार सच्चा वाटतो. थकलेल्या गळ्यांनी दौरा करून लोकांची निराशा करायची नाही आणि लोकांना रिकाम्या हातांनी परतही पाठवायचं नाही, असा मार्ग त्यांनी काढला.

कपड्यांची एक गंमत भाचीने सांगितली, तीही नोंदवतो. अ‍ॅबाचे सत्तरच्या दशकातले पोशाख इतके विचित्र का, तर स्वीडनच्या करकायद्यात रोजच्या वापराला न चालणाऱ्या पोशाखाचा खर्च उत्पन्नातून वजा करता येई. बियॉर्ननेच हे सांगून ठेवलं आहे. त्याच पोशाखांची आज घरी शिवलेली रूपं घालून लोक दूरदूरहून येतात.

‘मम्मा मिया’ सुरू झालं तेव्हा मी नाचलो. कोल्हापुरात मिरवणुकीत नाचतो तसंच, हात वर करून. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पलीकडे त्यांच्या नातीबरोबर नाचत होते आणि नातीला सगळे शब्द पाठ होते. ‘चिकिटिटा’ लागलं तेव्हा सगळं थिएटर डोलायला लागलं. या गाण्याच्या उत्पन्नातला वाटा अ‍ॅबाने १९७९ साली युनिसेफला, जगातल्या मुलांसाठी दिला आणि तो ओघ पुढेही चालू राहिला. मला पुन्हा टिळक फंड आठवला. लोकांचं प्रेम गोळा झालं की ते कुठे वळवायचं हे चांगल्या कलावंतांना बरोबर कळतं.

शेवटी ‘द विनर टेक्स इट ऑल’. हे शब्द बियॉर्नने संसार मोडल्यावर लिहिले आणि गायला दिले ते अग्नेथाला. ते गाणं संपलं, अंधार झाला, आणि पडद्यावर चौघे पुन्हा आले. या वेळी आजच्या वयाचे. पांढरे केस, सैलावलेले चेहरे. त्यांनी वाकून नमस्कार केला. संध्याकाळभर तरुण चौघांना मिळालेल्या टाळ्यांपेक्षा या टाळ्या मोठ्या होत्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. वयाला घाबरून कुणी नजर वळवली नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या कार्यक्रमातला तो सर्वांत मोलाचा क्षण होता.

मी लंडनला निघालो त्याच्या थोडे दिवस आधी, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, आमच्या पेठेतून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५चं, मूळचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरचे कलावंत आणि प्रेक्षक त्या जळक्या भिंतींपुढे उभे राहून रडताना मी पाहिले आहेत. तिथे ज्यांची गाणी झाली ते बहुतेक केव्हाच गेले होते, तरी माणसांनी ते दुःख घरचं मानलं. इतका लळा असलेल्या गावाने एवढ्यावर थांबू नये. संगीत नाटकात गायलेली, ऑर्केस्ट्रात उभी राहिलेली, सत्तरी-ऐंशीतली किती तरी माणसं आपल्या पेठांत आहेत. नाट्यगृह पुन्हा उभं राहील तेव्हा पहिल्या काही संध्याकाळी त्यांच्यासाठी राखून ठेवा. गळा थकला असेल, पाय थकले असतील, तरी त्यांना बोलवा. तिकीट काढून जा, मुलांना आणि नातवंडांना बरोबर न्या, आणि मोबाइल खिशात ठेवून टाळ्या वाजवा.