‘हेवी’ या शब्दाचे वजन

विद्यार्थिमित्रहो, तापी नदी जेथे खंबायतच्या आखातास मिळते, त्या हजीऱ्याच्या वाटेवर इंग्रजीतील एक विशेषण पदोपदी भेटते. ते म्हणजे ‘हेवी’. मोठमोठ्या मालमोटारी त्या ‘हेवी व्हेइकल्स’, पोलादाचे व यंत्रांचे कारखाने ती ‘हेवी इंडस्ट्री’, आणि सुरतेच्या कापडबाजारात दाट भरतकामाची साडी तीही ‘हेवी वर्क’ची! मालमोटार, कारखाना आणि साडी यांचे वजन एकाच काट्यावर कसे बरे करावे?

‘हेवी म्हणजे जड’ एवढे पाठ करून आमचे विद्यार्थी भाषांतरास बसतात, आणि मग ‘हेवी रेन’चा ‘जड पाऊस’ होतो. वस्तुतः आपल्या मराठीत पाऊस मुसळधार, झोप गाढ, दंड जबर, उद्योग अवजड. जेवण मात्र पचावयास जड, आणि निरोप देताना अंतःकरणही जडच. इंग्रजीतील हा शब्द ‘उचलणे’ या अर्थाच्या ‘हीव्ह’ या क्रियापदाच्या कुळातला. जे उचलताना श्रम पडतात ते ‘हेवी’. पुढे जे जे प्रमाणाबाहेर किंवा सोसावयास कठीण, त्यासही तो लागू झाला.

आमची घरची बोली कोंकणी. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी महाविद्यालयात. एका भाषेतला शब्द दुसरीत नेताना तो कोणत्या नामाशेजारी बसला आहे हे आधी पाहावे, ही सवय आम्हांस त्यामुळेच लागली. ती केवळ परीक्षेपुरती उपयोगाची नाही.

एकदा पालकसभेत एका माउलीने आम्हांस विचारले, “सर, आमच्या बोअरिंगला जड पाणी लागलंय. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. हजीऱ्याच्या कारखान्यातलं जड पाणी ते हेच का? पोरांना पाजावं की नको?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यात आईची भीती होती. हजीऱ्यास १९९१ साली ‘हेवी वॉटर’चा कारखाना सुरू झाला, आणि पाठ्यपुस्तकात ‘हेवी वॉटर’ला ‘जड पाणी’ असेच म्हणतात. परंतु माउलीचे जड पाणी ते इंग्रजीतले ‘हार्ड वॉटर’, पुस्तकातले दुष्फेन पाणी. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. ते पिण्याजोगे आहे की नाही, हे तपासून घेणे इष्टच. पण कारखान्यातील जड पाण्याशी त्याचा संबंध नाही.

कारखान्यातील पाण्याचा जडपणा त्याच्या अणूंत आहे. हॅरल्ड यूरी यांनी १९३१ साली ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन शोधला व १९३४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गातील पाण्यात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे असा एक अणू असतोच. म्हणजे आपल्या प्रत्येक पेल्यात तो अल्पांशाने आहे. तोच वेगळा काढून केलेले पाणी साध्या पाण्याहून सुमारे एकदशांशाने जड भरते. ते स्वतः किरणोत्सारी नसते. हजीऱ्यास खत कारखान्यातील वायूंतून हे ड्यूटेरियम मिळवितात. तापीच्याच काठच्या काकरापार येथील अणुभट्ट्यांत असे पाणी न्यूट्रॉनांचा वेग मंद करण्याच्या कामी येते.

हे सांगितल्यावर माउलीचा चेहरा निवळला. दोन निरनिराळ्या वस्तूंना एकच नाव पडले, एवढाच काय तो घोटाळा होता.

म्हणून, मित्रहो, विशेषणाचा अर्थ त्याला एकट्याला विचारू नये. त्याच्या शेजारच्या नामालाही विचारावा. आणि इंग्रजी एका शब्दावर भागविते तेथे आपल्यापाशी पाच-सहा शब्द आहेत, हे ध्यानी ठेवून त्या भाषेपुढे उगाच दबून जाऊ नये. येत्या सुटीत पाट्यांवर, वर्तमानपत्रांत, बाजारात जेथे जेथे ‘हेवी’ दिसेल, तेथे तेथे तो वहीत उतरून घ्या आणि समोर साजेसा मराठी शब्द लिहा. घरच्या वडीलधाऱ्यांनाही विचारा. कित्येक नेमके शब्द त्यांच्यापाशीच मिळतील.