भूत उशिरा कळतं

भूतकथा म्हटली की आपल्याला पिंपळ, अमावास्या, उलटे पाय असलं काहीतरी हवं असतं. ईडिथ व्हॉर्टनच्या ‘आफ्टरवर्ड’ (१९१०) या कथेत यातलं काही म्हणजे काही नाही. इथलं भूत भर सकाळी, हिवाळ्यातल्या उन्हात बागेतून चालत येतं आणि अदबीने विचारतं, साहेब भेटतील का?

(पुढे शेवट सांगणार आहे. ज्यांना आधी कथा वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं!)

नेड आणि मेरी बॉइन हे अमेरिकन जोडपं. तो इंजिनियर. बरीच वर्षं एका कंटाळवाण्या गावात काढल्यावर ‘ब्लू स्टार’ नावाच्या खाणीत त्याला एकदम घबाड मिळतं. दोघं इंग्लंडात डॉर्सेटला लिंग नावाचं जुनं घर घेतात. तिथे वीज नाही, गरम पाण्याचे नळ नाहीत. पण त्यांना तीच मजा वाटते. गैरसोयीची हौस ही पैसेवाल्यांनाच परवडते! त्यांना घरात भूतसुद्धा हवं असतं, अंगणात कारंजं असावं तसं. मैत्रीण सांगते, भूत आहे, पण ते भूत होतं हे तुम्हाला खूप नंतर कळेल.

आता नेड पुस्तक लिहिणार असतो. विषय काय, तर संस्कृतीचा आर्थिक पाया! मेरी चित्रं आणि बाग यांत रमणार. पैसा आला कुठून, हे तिने कधी खोलात जाऊन विचारलेलं नाही. एक दिवस टपालाने एक कात्रण येतं. एल्वेल नावाच्या माणसाने नेडवर खाणीच्या व्यवहारावरून दावा लावलाय. नेड म्हणतो, तो कधीच मागे घेतला, मिटलं सगळं. मेरीला हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो पाहुणा येतो. साहेब सकाळी कुणाला भेटत नाहीत, असं ती आधी सांगते. पण माणूस लांबून आलेला दिसतो, म्हणून तिला वाईट वाटतं आणि ती म्हणते, जा, ते लायब्ररीत आहेत.

नेड त्याच्याबरोबर बाहेर पडतो तो पुन्हा दिसत नाही.

पुढे एक वकील येतो तेव्हा उलगडा होतो. खाणीची माहिती नेडला एल्वेलनेच दिली होती. नेडने त्याला बाजूला सारून सगळा फायदा घेतला. एल्वेलने कर्ज काढून पैसे घातले होते, तो बुडाला. त्याने स्वतःवर गोळी झाडली, दोन महिने अंथरुणात काढून मेला. बायको-मुलं उघड्यावर पडली. वकिलाच्या मते यात बेकायदेशीर असं काही नाही, धंदा म्हणजे धंदा. मेरी वर्तमानपत्रातला एल्वेलचा फोटो बघते आणि तिला कळतं की आपणच त्याला खोली दाखवली.

माझ्या मते कथेचा जीव इथे आहे. आपल्याकडे ‘तळतळाट लागला’ म्हणतात. म्हणजे शाप देणारा एक आणि भोगणारा एक. व्हॉर्टनबाई तिसरं माणूस मध्ये आणतात, ज्याने काही केलेलं नाही, फक्त विचारलेलं नाही. शिक्षा नेडला झाली म्हणावं, तर तो गोष्टीतून निघूनच जातो. त्या घरात, त्या पैशात, सगळं माहीत होऊन राहायचं कुणी? तर मेरीने.

व्हॉर्टन स्वतः न्यूयॉर्कच्या बड्या घरातली (जन्म १८६२), घरचं उत्पन्न जागाजमिनींचं. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत भूतकथेचं पुस्तक असलेल्या खोलीत तिला झोप येत नसे, अशी पुस्तकं तिने जाळलीसुद्धा. त्याच बाईने ही कथा लिहिली याचं मला फार नवल वाटतं.

कथा वाचून मला पाटल्या आठवल्या. आमच्या आजोळी पूर्वी सावकारी होती. लग्नात मला मिळालेल्या पाटल्या गहाण म्हणून आलेल्या, सोडवायला कुणी आलंच नाही, असं घरात सहज सांगितलं जातं. “कोणाच्या गं होत्या?” असं मी आईला विचारलं, तर म्हणाली, “आता आपल्याच की.” तिचंही बरोबर आहे. मुदत संपली, कागद झाला, कायद्याने सगळं ठीक. पण त्या पाटल्या कुणाच्या तरी मनगटातून उतरल्या असतील ना? का उतरल्या? दुष्काळ, आजारपण, की मुलीचं लग्न? ती बाई नंतर कशी जगली?

मला भुताची भीती नाही, आणि पाटल्या कुणाला परत देता येतील असंही वाटत नाही. मला फक्त नाव हवंय. मामा आणि मावशी हे वाचतात हे मला माहीत आहे. आजीने कधी त्या घराण्याचं, निदान गावाचं नाव घेतलं असेल, तर मला कळवा. न आठवल्यास तसं सांगा. पण “कशाला उकरतेस?” असं मात्र म्हणू नका.